पलंगाखालच्या दोघी

९ ऑक्टोबर

सकाळी तळं दिसत नव्हतं. धुकं एवढं की आमच्या राहत्या गाडीच्या पायरीवर उभा राहिलो तर खाली जमीन आहे की नाही ह्याचीच शंका. आधी पायाने चाचपलं, मग उतरलो. मनात आलं, झोपेत कुणी आपली गाडी उचलून ढगात नेऊन ठेवली तर? आणि लगेच दुसरं मनात आलं, तिथे विजेचा खांब असेल का.

धुकं म्हणजे छतावरच्या सोलर पॅनलला ऊन नाही. ऊन नाही म्हणजे घराच्या बॅटऱ्यांना जेवण नाही. म्हणून मुक्कामाच्या जागेवरच्या विजेच्या खांबाची केबल आत घेतली आणि जुना चार्जर लावला. गाडीबरोबर मिळालेला चार्जर नवा आहे, पण त्याचं माझं जमत नाही. तो थोडा वेळ चालतो आणि गप्प होतो. हिरवा दिवा लावून बसतो. पोट भरलं म्हणतो. कुणाचं भरलं, किती भरलं, काही सांगत नाही. जुना मी निवृत्त होताना बर्फाच्या कारखान्यातून मागून आणला. लोखंडी, जड. लावला की घुंऽऽ सुरू, आणि काढेपर्यंत घुंऽऽ. कारखान्यात आवाज चालू म्हणजे बर्फ शाबूत. आवाज थांबला की मालाचं पाणी. त्या आवाजाशेजारी मला गुंगी येते, लहान मुलाला पाळण्यात यावी तशी.

बॅटऱ्या दोन. दोन्ही हिच्या पलंगाखालच्या पेटीत. पेटीवरची फळी उचलायची तर हिला उठावं लागतं. आजही उठवलं.

"आधी सवतींचं, मग बायकोचं," ही म्हणाली आणि शाल गुंडाळून दारात जाऊन बसली. डावीला ही थोरली म्हणते, उजवीला धाकटी. आता माझ्याही तोंडात तेच बसलंय.

थोरलीची सहाही टोपणं उघडली. पाणी पुन्हा खाली गेलेलं, आतल्या प्लेटा उघड्या पडायच्या बेतात. परवाच तर भरलं होतं. एवढं कसं पिते? बाटलीतलं बॅटरीचं पाणी हळूहळू सोडलं. माझ्यापेक्षा तिचीच काळजी जास्त.

१२ ऑक्टोबर

गारठा वाढला. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय की थंडीत बॅटऱ्या अशक्त होतात. माझं शिक्षण सहावीपर्यंत, त्यामुळे पुस्तक वाचायला वेळ लागतो, पण एकदा वाचलेलं विसरत नाही. पेटीला बाहेरच्या बाजूने एक नळीचं भोक आहे. तिथून गार वारा थेट दोघींच्या अंगावर येतो. चिंधीचा बोळा करून ते घट्ट बुजवलं. बरं वाटलं, आपल्या मुलीच्या पायावर पांघरूण सारखं करावं तसं.

दुपारी ही म्हणाली, "समुद्राकडे कधी निघायचं?"

"धुकं जाऊ दे."

"आधी म्हणालात, ऊन उतरू दे."

"समुद्रापाशी खांब नाही गं. विचारून घेतलंय मी."

"मग समुद्रापाशी खांब कुणी कशाला रोवेल? तो काय खांब बघायला जायची जागा आहे?" ती खिडकीबाहेर केबलकडे बघत होती. "गाय बांधावी तशी गाडी खुंट्याला बांधलीत तुम्ही."

गाडी हिची. हिने वर्षानुवर्षं शाळेच्या मुलांची गाडी चालवली. रोज तेच वळण, तोच रस्ता. तेव्हापासून म्हणायची, एकदा अशी गाडी चालवीन की जिला परत फिरायचंच नाही. मला चालवता येत नाही. घर सोडून ह्या मोटारहोममध्ये आलो तेव्हा ही म्हणाली, रस्ता माझा, वीज तुमची. मग मी माझं काम नीट नको करायला?

१४ ऑक्टोबर

गाडीत नासक्या अंड्यांचा वास येतोय. अंड्यांचा अख्खा ट्रे बाहेर नेला आणि एकेक करून झुडपांत फेकली. ही दारात उभी राहून काहीतरी बोलणार होती, पण बोलली नाही. वास तसाच. म्हणजे तळ्याचा असणार. काठाचा गाळ कुजला असेल. खिडक्या घट्ट लावून घेतल्या.

हिला खोकला झालाय. धुकं बाधलं. तीनदा सांगितलं पायात मोजे घाल.

जेवण झाल्यावर ही वाचायला बसली. मी दिवा बंद केला. ती म्हणाली, अहो चार्जर चालू आहे ना! मी म्हटलं, माठ भरत असताना खालची तोटी कुणी उघडी ठेवतं का? ती पुस्तक तसंच उघडं ठेवून अंधारात बसून राहिली. बाहेरच्या धुक्याचा उजेड तिच्या चष्म्यावर पडला होता. छान दिसत होती. सांगायचं राहून गेलं.

१७ ऑक्टोबर

लेक तिची मोटार घेऊन आली. आईचा खोकला ऐकला आणि म्हणाली, "चल माझ्याकडे चार दिवस."

ही लगेच उठली. मला वाटलं होतं थोडे आढेवेढे घेईल.

"गाडीचं काय?" मी विचारलं.

"गाडी कुठे जातेय?" ही म्हणाली. "तिला बांधलंय ना तुम्ही."

"बाबा, तुम्हीही चला," लेक म्हणाली.

"ह्या दोघींना पाणी कोण देईल?"

लेकीने आईकडे बघितलं. ही हसली नाही. शेजारच्या जुन्या बसमध्ये राहणारे कात्रीवाले टॉवेल झटकत बाहेर आले होते. ते निवृत्त न्हावी, एकटेच असतात. त्यांनी हिला हात केला. हिने त्यांना हात केला, मला नाही केला. घाईत राहिलं असेल.

१८ ऑक्टोबर

फळी उचलायला आता कुणाला उठवावं लागत नाही. सोपं झालं. फळी बाजूलाच काढून ठेवलीय. दिवे नाहीत, पंखा नाही, रेडिओ नाही. बॅटऱ्यांच्या मीटरचा काटा पार उजवीकडे. इतका वर कधीच नव्हता. घर काठोकाठ भरलंय.

चार्जर चालूच ठेवतो. असू दे सोबतीला.

दुपारी डोळा लागला. कारखान्यात होतो, पण छप्पर नव्हतं, वरून धुकं उतरत होतं. बर्फाच्या लाद्यांवर दोन बायका बसल्या होत्या, जाडजूड, काळ्या लुगड्यातल्या. पाणी द्या, पाणी द्या म्हणत होत्या. मी ओंजळीने पाजत होतो. दारात तिसरी एक चपला हातात घेऊन उभी होती. तिला म्हटलं, थांबा बाई, आधी ह्यांचं होऊ दे. तिने मान डोलावली आणि धुक्यात निघून गेली. चपला हातात, पायात नाहीत. जागा झाल्यावर बराच वेळ आठवत बसलो, कोण होती. चेहरा येईना.

२० ऑक्टोबर

हिचा फोन.

"खोकला कसा आहे?"

"इथे आल्या दिवसापासून नाही."

"हवापालट. म्हटलंच होतं मी, तळ्याची हवा वाईट."

"काल वाचता वाचता झोप लागली. सकाळी उठले तर दिवा तसाच चालू."

"कुणी बंद नाही केला?"

"नाही," ती म्हणाली. "कुणीच नाही केला." आवाज असा, जसं कुणी काही गोड दिलंय.

लेकीला सांगायला हवं, आईच्या दिव्यावर लक्ष ठेव.

थोरलीने पुन्हा पाणी मागितलं. दिलं.

२३ ऑक्टोबर

लेकीचा फोन. म्हणाली, "बाबा, रागावू नका. आई इकडेच राहायचं म्हणतेय. थंडीचे कपडे न्यायला आम्ही रविवारी येतो."

"किती दिवस राहायचं म्हणतेय?"

"बाबा."

"नाही, म्हणजे किती?"

"राहायचंच म्हणतेय. तुम्हीही या. गाडी विकून टाकू."

फोन ठेवला तरी हातातच होता. चार्जरचा आवाज येत होता आणि पहिल्यांदाच मला वाटलं की तो खूप लांबून येतोय.

कात्रीवाल्यांकडे गेलो. त्यांनी न विचारता गवतावर खुर्ची मांडली आणि गळ्याला कापड गुंडाळलं. धुक्यात कात्रीचा आवाज मोठा येतो. केस खाली पडताना दिसत नव्हते, नुसते नाहीसे होत होते.

"ती का गेली असेल हो?" मी विचारलं.

"मान हलवू नका."

"मी काही बोललो नाही तिला. कधी हात उगारला नाही. उलट रोज..."

"बर्फवाले," ते म्हणाले, "ती गाडी चालवणारी बाई. तुम्ही तिला गाडीत बसवून ठेवलंत. माझ्या खुर्चीत गिऱ्हाईक एवढा वेळ बसलं असतं तर पुढचे कापेपर्यंत मागचे पुन्हा वाढले असते."

"पण खांब..."

"खांब काय, इथेच उभा राहणार आहे. त्याला कुठे जायचंय?" त्यांनी कापड झटकलं. "माझी बॅटरी दोनदा बसली. दोन्ही वेळा अंधारात पडून राहिलो. मेलो का?"

मी म्हटलं, तुमची गोष्ट वेगळी, तुम्ही एकटे आहात. म्हटल्यावर जीभ चावली. कानामागचा एक केस राहिला होता, तो त्यांनी हळूच कापला.

२४ ऑक्टोबर

आज जे झालं ते लिहायला बसलोय आणि अजून बोटं गार आहेत.

सकाळी पेटीत हात घातला तर थोरली तापलेली. ताप आलेल्या माणसासारखी नाही, चुलीवरच्या भांड्यासारखी. एका बाजूने पोट फुगलेलं. आतून बुडबुड आवाज. वासाने डोळ्यांना पाणी आलं. मी चार्जरचे चिमटे काढायला वाकलो, तेवढ्यात दारातून कात्रीवाले ओरडले, "हात लावू नका! आधी खांबावरचं बटण!" ते स्वतःच धावत गेले आणि खांबावरून वीज बंद केली. घुंऽऽ थांबलं. एवढी शांतता झाली की मला जुन्या सवयीने बर्फ वितळताना दिसला.

मग त्यांनी ओळखीच्या बॅटरीवालीला फोन केला. ती छोटा टेम्पो घेऊन आली. धिप्पाड बाई, हातमोजे कोपरापर्यंत. आल्या आल्या सगळी दारं-खिडक्या उघडायला लावल्या आणि आम्हाला बराच वेळ बाहेर उभं केलं. मग आत जाऊन वाकली, बघितलं, आणि पेटीच्या भोकातला चिंधीचा बोळा दोन बोटांनी ओढून काढला.

"हे कुणी घातलं?"

"मी. गारठा येत होता त्यांना."

"काका, हे त्यांचं नाक आहे. भरताना ह्या वायू सोडतात. तो बाहेर जायला हे भोक. कोंडला आणि कुठे ठिणगी उडाली, तर गाडीचं छप्पर तळ्यात शोधावं लागलं असतं." मग तिने वर बघितलं. पलंग, उशी, चादर. "इथे कोण झोपतं?"

"बायको."

"ह्याच्यावर?"

मी चादरीची सुरकुती सरळ केली.

"वास नाही आला तुम्हाला?"

"तळ्याचा वाटला."

"तळ्याला कशाला बदनाम करता?" तिने जुना चार्जर उलटासुलटा करून बघितला. "हा थांबत नाही ना? भरल्यावरही देतच राहतो. जेवण झालेल्या माणसाला तुम्ही रोज आग्रह करकरून वाढलंत, काका. पाणी उकळून गेलं ते त्याने. तहान लागली म्हणून नाही पीत होत्या ह्या. तुम्ही त्यांना शिजवत होता."

कात्रीवाले हसणार होते, पण माझ्याकडे बघून त्यांनी तोंड फिरवलं.

थोरली गेली. धाकटीत अजून जीव आहे म्हणाली. मी विचारलं, थोरलीच्या जागी नवी आणू का? ती म्हणाली, "जुनीला नवी जोडू नका. जुनी नवीलाही आपल्या चालीने चालायला लावते. आहे ती एकटी वापरा, संपली की बघू."

"पुरेल?"

"गाडी चालवता ना? चालत्या गाडीचं इंजिन तिला भरतं. हिरव्या दिव्याच्या चार्जरनेही भरेल. तो थांबतो तेव्हा थांबू द्या त्याला."

ती निघायला लागली तेव्हा मीच म्हणालो, "धाकटीला इथून हलवता येईल?"

"मागच्या चाकापाशी बाहेरून उघडणारा कप्पा आहे. तिथे बसेल. जाड वायर टाकावी लागेल."

"आतून दिसेल का मला?"

"नाही."

"काही आवाज?"

"काही नाही."

पलंगावर हिच्या डोक्याचा खळगा अजून उशीत होता. मी म्हटलं, "हलवा."

काम होईपर्यंत धुकं जरा विरळ झालं. बॅटरीवालीने थोरलीला दोन्ही हातांनी पोटाशी धरून उचललं आणि टेम्पोत ठेवलं. मी उगाच तिच्या झाकणावरची धूळ बाहीने पुसली.

२६ ऑक्टोबर, रविवार

सकाळी केबल खांबावरून काढली. बोटांना सवय लावायची झाली आहे, सोडायची नाही, त्यामुळे वेळ लागला. नीट गुंडाळताही आली नाही.

दुपारी दोघी आल्या. लेक बाहेर कात्रीवाल्यांशी बोलत थांबली. ही आत आली, सगळीकडे बघितलं, पाहुणी बघते तसं. कपाटातून कपड्यांचं बोचकं काढलं आणि पलंगावर बसून गाठ मारू लागली. बसताना पायाची टाच फळीला लागली. पोकळ आवाज आला. तिने पुन्हा मुद्दाम टाच मारली.

"कुठे गेल्या?"

"थोरली गेली. धाकटी बाहेर ठेवलीय."

"बाहेर? गारठ्यात?"

"हो."

ती गाठ तशीच धरून बसली. मी पाठ केलेलं सगळं विसरलो. म्हणालो, "तो वास तळ्याचा नव्हता."

"मला माहीत होतं. नाक माझंच होतं ना त्यावर."

"मग बोलली का नाहीस?"

"अंडी फेकत होता तेव्हा बोलायला आले होते. पण तुम्ही इतक्या समाधानाने फेकत होता..." ती हसली, मग हसणं थांबवलं. "अहो, तो खोकला मी दहादा दाखवला तुम्हाला. तुम्ही मला मोजे दाखवलेत."

मी म्हटलं, "केबल काढलीय."

ती उठून दारात गेली. खांबाकडे बराच वेळ बघितलं. परत येऊन विचारलं, "आणि तुमचा तो घुंऽऽ?"

"कात्रीवाल्यांना दिला. बसचं दार वाऱ्याने आपटतं, त्याला टेकू लावणार आहेत."

"एकटी धाकटी किती पुरेल?"

"माहीत नाही. बॅटरीवाली म्हणाली, गाडी चालली की भरेल."

"गाडी चालवणार कोण?"

"तेच तर," मी म्हटलं.

बाहेर लेक हाक मारत होती, आई, झालं का, अंधाराच्या आत पोचायला हवं. ही माझ्याकडे बघत राहिली. मी कुठे बघावं कळेना म्हणून तिच्या हातांकडे बघत राहिलो. मग ती वाकली, पलंगाची फळी उचलली, रिकाम्या पेटीत हात फिरवून धूळ बघितली, आणि बोचकं आत सरकवलं. बरोबर बसलं.

लेक दारात आली. "आई? कपडे?"

"ठेवले अगं," ही म्हणाली. "किती जागा होती इथे, बघ तरी."

लेकीने आधी तिला मिठी मारली, मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, ती पुन्हा खोकली तर मी गाडीच उचलून नेईन." मी हो म्हटलं. भीतीच वाटली तिची.

संध्याकाळी ही वाचत बसली. दिवा चालू होता. मी भिंतीकडे तोंड करून पडलो. मीटर त्याच भिंतीवर आहे. मग कूस बदलून छताकडे बघत पडलो.

२८ ऑक्टोबर

अक्षर वाकडं येतंय कारण गाडी चालू आहे.

मी तिच्या शेजारच्या सीटवर. तळं मागे गेलं, कात्रीवाले हात हलवत मागे गेले, खांब कधी मागे गेला ते बघायचं राहून गेलं. रस्ता धुक्यातून थोडा थोडा निघतो, आपण पुढे जाऊ तेवढाच. जसं आत्ताच कुणीतरी तयार करून आपल्यापुढे टाकतंय. ही गुणगुणतेय. गाडी चालवताना गुणगुणते हे मी विसरलोच होतो. मला झोपेसारखं वाटतंय, पण डोळे उघडे आहेत.

आता गाडी हळू झालीय. पुढे फाटा आहे. उजवीकडे एक मुक्कामाची जागा आहे, तिथे खांब आहेत, रांगेने. डावीकडे समुद्र.

"किती आहे?" तिने विचारलं.

"बघितलं नाही."

"अहो."

"मघाशी तू उतरली होतीस तेव्हा एकदा बघितलं."

"किती?"

सांगितलं. फार नाही.

तिने गाडी फाट्यावर उभी केली. इंजिन चालू होतं. मागे कुणी नव्हतं, पुढे धुकं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "वीज तुमची. चालेल का?"

कारखान्यातल्या बर्फाच्या सगळ्या लाद्या डोळ्यांपुढे आल्या, वितळणाऱ्या. मी म्हटलं, "चालेल."

तिने डावीकडे वळवली.